दोन विषय शिकण्याचा अधिकार कोणाचा?



बारावीचा निकाल लागला की पनवेल, नवीन पनवेल, खारघर, कळंबोली या पट्ट्यात महाविद्यालयीन प्रवेशाचा हंगाम सुरू होतो. प्रवेश-अर्जात एक रकाना असतो : मुख्य विषय. अठरा वर्षांच्या मुलाने वा मुलीने त्या रकान्यात एक शब्द लिहायचा आणि पुढील तीन-चार वर्षांची दिशा ठरवून टाकायची. एखादी विद्यार्थिनी विचारते, “इतिहास आणि अर्थशास्त्र, दोन्ही मुख्य विषय म्हणून घेता येतील का?” तिला उत्तर मिळते, “धोरणात तरतूद आहे. पण येथे जमणार नाही.” या उत्तराचा पूर्वार्ध दिल्लीत लिहिला गेला आहे आणि उत्तरार्ध गावोगावच्या वेळापत्रकात. या दोहोंमधील अंतर हाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथमदर्शनी हा प्रश्न किरकोळ वाटण्याचा संभव आहे. जेथे पदवी मिळूनही नोकरी मिळत नाही, तेथे एक विषय की दोन, हा वाद चैनीचा नव्हे काय, असे कोणी विचारील. परंतु कोणी काय शिकावे हे ठरविण्याचा अधिकार कोणाच्या हाती असावा, हा प्रश्न महाराष्ट्रात कधीच किरकोळ नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत संस्कृत शिकावयाचे होते. अस्पृश्याच्या मुलाला संस्कृत शिकविण्यास शिक्षकाने नकार दिला आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. विषयनिवडीवरील त्या बंदीचे नाव तेव्हा धर्म होते. आज तिचे नाव कार्यभार, वेळापत्रक वा किमान विद्यार्थिसंख्या असे असते. दोन्ही बंदी सारख्याच आहेत असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण दोहोंचा परिणाम ज्यांच्यावर होतो, तो समाजाचा थर फारसा बदललेला नाही, एवढे निश्चित.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हेच आंबेडकर १९१६ साली लंडनला गेले, तेव्हा त्यांनी एकाच वेळी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्राचा आणि ग्रेज इनमध्ये कायद्याचा अभ्यास आरंभिला. दोन अभ्यासक्रम एकदम करण्यास तेथील नियम आड आले नाहीत. आड आला तो पैसा. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून साठविलेली रक्कम व शाहू महाराजांचे साहाय्य यांच्या बळावर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि दोन्ही अभ्यासक्रम त्यांनी तडीस नेले. नियमाने दिलेले स्वातंत्र्य पैशाअभावी कसे निरर्थक ठरते, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

जुनी व्यवस्था आणि नवी व्यवस्था

दोन मुख्य विषयांची कल्पना नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रथम आणली असा एक समज पसरविला जातो. तो खरा नाही. मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. परीक्षेत तिसऱ्या वर्षी सहा पेपर असत. सहाही पेपर एकाच विषयाचे घेता येत, किंवा तीन एका विषयाचे व तीन दुसऱ्या विषयाचे, अशीही विभागणी करता येई. विज्ञान शाखेतही सहा युनिट आणि तीन युनिट हा भेद विद्यार्थ्यांच्या तोंडी रुळलेला होता. मराठी-इतिहास, अर्थशास्त्र-राज्यशास्त्र, भूगोल-इतिहास अशा जोड्या घेऊन कितीतरी पदवीधर बाहेर पडले आणि शाळांतून शिक्षक झाले.

त्या व्यवस्थेतही निर्बंध होतेच. कोणत्या जोड्या द्यावयाच्या हे महाविद्यालय ठरवी. ज्या विषयाला प्राध्यापक नाही, तो विषय नाही. दोन विषयांचे तास एकाच वेळी येत असतील तर ती जोडीही नाही. पण एक गोष्ट महत्त्वाची होती. तेथे दुसरा विषय घेणाऱ्याला अधिक तास बसावे लागत नव्हते. भाकरी तेवढीच राही, तिचे दोन भाग होत. विषयाची खोली काहीशी कमी होई, तो दोष मान्य केलाच पाहिजे. परंतु वेळ आणि शुल्क वाढत नसे.

नव्या व्यवस्थेत गणित बदलले आहे. केंद्र सरकारने २९ जुलै २०२० रोजी राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मंजूर केले. त्याला अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमांची श्रेयांक-चौकट प्रसिद्ध केली. महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ रोजी त्यासंबंधी निर्णय काढला. स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून ही रचना लागू झाली. बहुविद्याशाखीय शिक्षण, विषयांच्या भिंती पाडणे, विद्यार्थ्याला निवडीचे स्वातंत्र्य ही या धोरणाची घोषवाक्ये. घोषवाक्ये चांगली आहेत. आता हिशेब पाहावा.

आयोगाच्या चौकटीनुसार तीन वर्षांच्या पदवीसाठी १२० श्रेयांक मिळवावे लागतात. त्यांपैकी निम्मे, म्हणजे ६०, मुख्य विषयाचे. दुय्यम विषयाचे २४. उरलेले ३६ सर्वांना समान : बहुविद्याशाखीय ९, भाषा ८, कौशल्य ९ आणि मूल्यशिक्षण व आंतरवासिता मिळून १०. साठ, चोवीस आणि छत्तीस. बेरीज १२० झाली. आता ज्याला दोन मुख्य विषयांची पदवी हवी, त्याने दुसऱ्या विषयात एकूण श्रेयांकांच्या किमान ४० टक्के, म्हणजे ४८ श्रेयांक मिळविले पाहिजेत. पहिल्याचे ६० आणि दुसऱ्याचे ४८ मिळून १०८ झाले. उरले अवघे १२. पण समान विषयांना तर ३६ लागतात! त्या टोपल्या जशाच्या तशा ठेवल्या, तर बेरीज १४४ वर जाते. म्हणजे २४ श्रेयांक अधिक. चार वर्षांच्या पदवीतही ही गाठ सुटत नाही. तेथे दुसऱ्या विषयाला १६० पैकी ६४ श्रेयांक हवेत, दुय्यम विषयाला ३२ पुरतात. म्हणजे बोजा ३२ श्रेयांकांचा.

महाराष्ट्राने वर्षाला ४० ते ४४ श्रेयांकांची मुभा ठेवली आहे. तीन वर्षांत ती १३२ पर्यंत पोचते. वरची मर्यादा धरली तरी १४४ ला १२ कमीच पडतात. आणि वाढीव श्रेयांकांच्या जागी भारतीय ज्ञानप्रणाली, समाजसंपर्क असे अन्य विषय आधीच येऊन बसले आहेत.

चोवीस श्रेयांक म्हणजे किती, हेही समजून घ्यावे. एका श्रेयांकाला व्याख्यानाचे १५ तास धरतात. चोवीसांचे ३६० तास झाले. सहा सत्रांत वाटले तर आठवड्याला चार तास अधिक. विषय प्रयोगशाळेचा असेल तर एका श्रेयांकाला ३० तास. म्हणजे आठवड्याला आठ तासांपर्यंत. ज्या घरात मोटार आहे, मुलाच्या कमाईवर चूल अवलंबून नाही, त्या घराला आठवड्याचे चार-आठ तास जड नाहीत. पण जो विद्यार्थी सकाळी तास करून दुपारी गोदामात माल मोजतो, जी विद्यार्थिनी वाडीवरून चालत येऊन एस. टी. पकडते आणि परतीची गाडी चुकली तर जिला मुक्कामाचे ठिकाण नाही, त्यांच्या दृष्टीने हे चार तास म्हणजे बंद दार आहे. दारावर पाटी मात्र “सर्वांसाठी खुले” अशीच आहे.

पनवेलचा संदर्भ

हा प्रश्न पनवेलमध्ये विशेष तीव्र का व्हावा, यालाही इतिहास आहे. १९७० साली या परिसरात दोन गोष्टी घडल्या. मार्च महिन्यात सिडकोची स्थापना झाली आणि पनवेल-उरणच्या शेतकऱ्याच्या जमिनीवर नव्या शहराचा नकाशा उमटू लागला. त्याच वर्षी रयत शिक्षण संस्थेने पनवेलला महात्मा फुले यांच्या नावाने कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालय काढले. जमीन जात असतानाच त्या जमिनीच्या मालकाच्या मुलाला पदवीचे दार दिसू लागले, असा हा योग होता. पुढे जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी जो लढा दिला, त्यात पाच जण हुतात्मे झाले. साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व त्या लढ्यातून आले.

त्यानंतर पनवेल पार बदलले. नवीन पनवेलमध्ये १९९७ साली चांगू काना ठाकूर महाविद्यालय निघाले. अन्य संस्थाही आल्या. २०१६ साली पनवेल महानगरपालिका झाली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. तळोज्याचे कारखाने, न्हावा-शेवाचे बंदर, गोदामे आणि आता विमानतळ, या सर्वांनी वेढलेल्या या तालुक्यातील तरुणाला नेमके कोणते ज्ञान हवे? केवळ हमालीपुरते आणि पहाऱ्यापुरते कौशल्य हवे, असे ज्यांना वाटते त्यांचा प्रश्न वेगळा. परंतु ज्याच्या आजोबांची जमीन गेली, त्याला भूगोल आणि अर्थशास्त्र एकत्र शिकावेसे वाटले तर त्यात नवल नाही. नकाशा वाचता येणे आणि मोबदल्याचा हिशेब समजणे, ही त्याच्या दृष्टीने एकाच ज्ञानाची दोन अंगे आहेत. तळोज्याच्या नदीनाल्यांचे पाणी पाहणाऱ्या मुलीला रसायनशास्त्राबरोबर समाजशास्त्र हवे असेल. जीवनात जे प्रश्न एकत्र येतात, ते शाखांच्या भिंतींनी तोडावेत हा आग्रह कशासाठी?

येथे कोणत्याही एका महाविद्यालयाकडे बोट दाखविण्याचे कारण नाही. प्राचार्यांची अडचण खरी असते. प्राध्यापकांची पदे कार्यभारावर ठरतात, कार्यभार विद्यार्थिसंख्येवर ठरतो आणि भरतीला शासनाची मान्यता लागते. पद रिक्त राहिले की ते तासिका तत्त्वावर भरले जाते. तासाच्या हिशेबाने मानधन घेणारा, पुढच्या वर्षी येथे असू की नसू याची खात्री नसलेला अध्यापक दोन विषयांची सांगड कशी घालून देणार? ज्या विभागात एक पूर्णवेळ व एक तासिकेवरचा अध्यापक आहे, तेथे अठ्ठेचाळीस श्रेयांकांचा दुसरा मुख्य विषय उभा करणे हे प्राचार्यांच्या इच्छेवर अवलंबून राहत नाही. निवडीचे स्वातंत्र्य जाहीर करावयाचे आणि त्यासाठी लागणारी माणसे नेमावयाची नाहीत, ही शासनाची रीत आहे. दोषाचे मूळ तेथे आहे.

दुहेरी पदवीचा दुसरा मार्ग

यावर असे उत्तर दिले जाते की, एका पदवीत दोन विषय जमत नसतील तर दोन पदव्याच एकदम कराव्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये तशी मुभा दिली आहे. दोन्ही अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गात करता येतात. अट इतकीच की एकाचे तास दुसऱ्याच्या तासांवर येऊ नयेत. किंवा एक वर्गात व दुसरा दूरशिक्षणाने करता येतो. मुंबई विद्यापीठात १९७१ पासून दूरशिक्षणाची सोय आहे, नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आहे. मग तक्रार कसली?

तक्रार अशी की दोन पदव्या म्हणजे दोन शुल्के, दोन परीक्षा-शुल्के आणि पुस्तकांचे दोन खर्च. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा नियम मात्र असा की ती घेणाऱ्याला दुसरी कोणतीही शिष्यवृत्ती घेता येत नाही. म्हणजे दुसऱ्या पदवीचा भार सर्वस्वी घरावर. कायद्याने दोघांनाही समान मुभा. परंतु एकाच्या खिशात ती वापरण्याचे साधन आहे, दुसऱ्याच्या खिशात नाही. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्याचा गाभा हाच होता : सरकारचा महसूल कष्टकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गाच्या पदरात पडतो. एकशे चाळीसहून अधिक वर्षांनंतर, त्यांच्या नावाचे महाविद्यालय ज्या गावात आहे त्या गावात तरी या निवेदनाची आठवण ठेवली गेली पाहिजे.

आक्षेप आणि उत्तर

काही आक्षेप प्रामाणिक आहेत, त्यांचा विचार करणे अवश्य आहे. जुने, व्यासंगी प्राध्यापक म्हणतात की, दोन दगडांवर पाय ठेवणारा विद्यार्थी कोठेच पोचत नाही. एक विषय नीट शिकावा, तोच कठीण असतो. या म्हणण्यात तथ्य आहे. विषयांची भेळ म्हणजे विद्या नव्हे. किंबहुना नव्या रचनेतील दोन-दोन श्रेयांकांचे असंख्य तुकडे पाहिले, तर ही भीती अधिकच खरी वाटते. पण त्या तुकड्यांवर कोणी आक्षेप घेत नाही. जी विद्यार्थिनी तुकडे नाकारून दोन विषय मुळापासून शिकू म्हणते, तिलाच खोलीचा उपदेश केला जातो, हे विचित्र आहे.

विद्येच्या इतिहासाचा दाखलाही दुसऱ्या बाजूचा आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी हे गणिताचे प्राध्यापक. जुन्या नाण्यांच्या वजनांना त्यांनी संख्याशास्त्राची कसोटी लावली आणि त्या वाटेने ते भारतीय इतिहासाच्या अभ्यासात शिरले. १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाने प्राचीन भारताकडे पाहण्याची दृष्टी बदलली. गणित त्यांना इतिहासात आड आले नाही, उपयोगी पडले. प्रत्येक विद्यार्थी कोसंबी होणार नाही, हे खरे. पण कोण होणार आणि कोण नाही, हे प्रवेशाच्या खिडकीवर ठरविण्याचा अधिकार कोणालाही नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा. प्रत्येक जोडीसाठी स्वतंत्र तास ठेवणे परवडणार नाही, असे म्हणतात. प्रत्येक जोडी सर्वत्र असावी अशी मागणीच नाही. मागणी अशी की जे शक्य आहे तेही केवळ आळसाने वा सोयीने नाकारले जाऊ नये.

काय करता येईल

पहिली मागणी श्रेयांकांच्या फेरमांडणीची. बहुविद्याशाखीय टोपलीचे ९ आणि कौशल्याचे ९, असे १८ श्रेयांक दुसऱ्या मुख्य विषयातून मिळविण्याची मोकळीक द्यावी. दुसरा विषय हाच तर बहुविद्याशाखीय अभ्यास आहे. त्याने चोवीसांचा बोजा सहावर येतो आणि सहा श्रेयांक तीन वर्षांत कोणताही कष्टाळू विद्यार्थी पेलू शकतो. यासाठी एकही रुपया लागत नाही. लागतो तो अभ्यास मंडळ व विद्या परिषद यांचा ठराव आणि आयोगाच्या चौकटीत तशी दुरुस्ती.

दुसरी मागणी शेजारच्या महाविद्यालयांनी एकत्र येण्याची. पनवेल व नवीन पनवेल येथील महाविद्यालये एकमेकांपासून काही किलोमीटरांवर आहेत. एकीकडे जो विषय आहे तो दुसरीकडील विद्यार्थ्याने तेथे जाऊन शिकावा आणि त्याचे श्रेयांक मूळ महाविद्यालयाने धरावेत. २०२१ पासून अस्तित्वात आलेली शैक्षणिक श्रेयांक पेढी याच कामासाठी आहे. आठवड्यातील दोन सकाळी सर्वांनी समान वेळापत्रक ठेवले तरी पुष्कळ जोड्या शक्य होतील. १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय निघाले तेव्हा नोकरी करणाऱ्यांसाठी वर्ग सकाळच्या वेळी भरविले गेले. विद्यार्थ्याच्या सोयीने घड्याळ फिरविता येते, हे तेव्हाच सिद्ध झाले आहे.

तिसरी मागणी उघडेपणाची. कोणत्या जोड्या उपलब्ध आहेत, कोणत्या नाहीत आणि का नाहीत, हे प्रवेशापूर्वी लेखी जाहीर व्हावे. “जमणार नाही” हे तोंडी उत्तर पुरेसे नाही. चौथी मागणी शिष्यवृत्तीची : दुसऱ्या विषयाचे वा दुसऱ्या पदवीचे शुल्क तीत समाविष्ट व्हावे. आणि पाचवी, जिच्यावाचून बाकीच्या चारही कागदावरच राहतील, ती म्हणजे रिक्त पदांवर पूर्णवेळ प्राध्यापकांची नेमणूक.

कार्यकर्त्यांनी निवेदन देऊन थांबू नये. प्रवेशाच्या दिवसांत महाविद्यालयांच्या दाराशी मार्गदर्शनाचे टेबल मांडावे. कोणत्या विद्यार्थ्याने कोणती जोडी मागितली, कोणते कारण सांगून ती नाकारली गेली, याची वही ठेवावी. अनुदानित महाविद्यालयांकडे विभागवार मंजूर पदे व भरलेली पदे यांची माहिती २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागावी. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी निवडून देण्याची सोय आहे. पनवेल, उरण, पेण, कर्जत येथील किती पदवीधरांनी आपली नावे नोंदविली आहेत? ज्यांनी नावच नोंदविले नाही, त्यांना विद्यापीठ ऐकत नाही अशी तक्रार करण्याचा अधिकार उरत नाही.

आणि हे सारे प्राध्यापकांना विरोधी पक्ष समजून करावयाचे नाही. तासिकेवर राबणारा अध्यापक आणि नाकारली गेलेली विद्यार्थिनी, दोघेही एकाच काटकसरीचे बळी आहेत. त्यांना एकत्र आणणे हे संघटनेचे काम आहे. जूनमध्ये प्रवेश सुरू होतात. वह्या आणि माणसे त्याआधी तयार असली पाहिजेत.